पदवीचा तक्ता वाचायला शिका : मीडियाच्या पदवीतून दूरसंचार कुठे गेला?

संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी काय काय वाचतात! नेट-सेटचे जुने पेपर, पद्धतीशास्त्राची पुस्तकं, संभाव्य गाइडचे लेख, सीनियरच्या सिनॉप्सिस. पण ज्या पदवीने आपल्याला घडवलं, तिच्या नियमांचा तक्ता सहसा कुणी वाचत नाही. प्रवेश घेताना एकदा नजर टाकायची, आणि क्रेडिट कमी पडतायत असं कळलं की धावतपळत दुसऱ्यांदा. तेवढाच त्याच्याशी संबंध.

आज तोच तक्ता वाचूया, एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करतो तसा. विषय घेतलाय मीडिया, म्हणजे जनसंज्ञापन आणि माध्यम अभ्यासाची पदवी. तुमचा विषय वेगळा असेल तरी थांबा. वाचायची रीत तीच लागू पडेल.

पदवीचा तक्ता हे एका प्रश्नाचं उत्तर असतं : या विषयातला माणूस म्हणवून घ्यायला काय येणं भाग आहे? उत्तर देणारे म्हणजे यूजीसी, राज्य सरकार, विद्यापीठाचं अभ्यासमंडळ आणि शेवटी तुमच्या कॉलेजचं टाइमटेबल. चौघांची उत्तरं एकमेकांवर चढत जातात आणि तुमच्या हातात एक छापील पान येतं. त्या पानात जे नाही, त्याबद्दल प्रश्न विचारायची सवय तुम्हाला लागत नाही. संशोधनासाठी हीच गोष्ट सगळ्यात महागात पडते.

आधी आकडे

यूजीसीचा सध्याचा आराखडा डिसेंबर २०२२ चा आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. तीन वर्षांचा हिशोब साधारण असा : मुख्य विषय ६०, मायनर २४, बहुविद्याशाखीय ९, भाषा वगैरे क्षमता ८, कौशल्य ९, मूल्यवर्धित ६ ते ८ आणि इंटर्नशिप २ ते ४. एक क्रेडिट म्हणजे सत्रभर आठवड्याला एक तास लेक्चर, हे लक्षात ठेवा. महाराष्ट्रात याचंच रूप ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, ओजेटी अशा अक्षरांच्या रांगेत दिसतं.

हे आकडे वाचून काय कळतं? मीडियाची पदवी घेतली तरी निम्मी पदवी मीडियाबाहेरची आहे. ही तक्रार नाही. मायनरची २४ क्रेडिट म्हणजे एकूण पदवीचा पाचवा हिस्सा, आणि तो दुसऱ्या विषयाला देता येतो, ही या आराखड्यातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. तिच्याकडे शेवटी परत येतो.

चौथं वर्ष संशोधनासह करायचं तर प्रकल्प किंवा प्रबंधिकेला १२ क्रेडिट आहेत. संशोधन न करणारा विद्यार्थी त्याऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे तीन पेपर करतो. संशोधनाच्या वाटेला जायची अट आहे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के. नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एम.ए. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र होता येतं. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत मिळू शकते. तेव्हा हा तक्ता आता केवळ पदवीचा राहिलेला नाही. तो संशोधनाचा उंबरठा झालाय, म्हणूनच तो तपासून घ्यायला हवा.

किती हे कळतं, कशानंतर काय हे कळत नाही

माझा पहिला आक्षेप क्रमाबद्दल आहे.

आराखड्यात अभ्यासक्रमांच्या पायऱ्या दिल्या आहेत. १०० ते १९९ पायाभूत, २०० ते २९९ मधली पायरी, ३०० च्या पुढे वरची, ४०० च्या पुढे प्रगत. त्याखाली ० ते ९९ ही पूर्वतयारीची पायरीसुद्धा आहे. कल्पना उत्तम. पण पायरीला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा खालची चढल्याशिवाय वरची चढता येत नाही. अमेरिकी विद्यापीठांच्या कॅटलॉगमध्ये बहुतेक प्रगत अभ्यासक्रमांखाली एक ओळ असते : हा घेण्याआधी अमुक पूर्ण केलेला असला पाहिजे. आपल्याकडे अशी ओळ क्वचित दिसते. आपण सत्रांच्या गठ्ठ्याने पुढे जातो, आणि मागे राहिलेलं एटीकेटी सांभाळून घेते.

मुंबई विद्यापीठाची बीएमएम, जी पुढे बीएएमएमसी झाली, तिचं उदाहरण घ्या. तिच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात 'मास मीडिया रिसर्च' हा पेपर चौथ्या सत्रात होता. त्यानंतर तिसऱ्या वर्षी वाटा फुटायच्या, जाहिरात किंवा पत्रकारिता. म्हणजे संशोधनाची पद्धत हा सत्रातल्या अनेक पेपरांपैकी एक पेपर. तो घेतल्याशिवाय पुढचं काही अडत नव्हतं आणि तो घेतल्यामुळे पुढचं काही उघडतही नव्हतं. नमुना निवड, प्रश्नावली, आशय विश्लेषण यांच्या नोट्स झाल्या, परीक्षा झाली, विषय संपला. पद्धत ही पोहण्यासारखी असते. एका सत्रात तिची थिअरी वाचून दोन वर्षं पाण्याकडे फिरकलं नाही, तर चौथ्या वर्षी १२ क्रेडिटच्या खोल पाण्यात उतरून काय होणार?

त्यात ७५ टक्क्यांची अट. ती मोजते पहिल्या सहा सत्रांचे गुण. त्यात लेखी परीक्षा आहेत, इंटर्नल आहेत, प्रॅक्टिकल आहेत. पण प्रश्न घडवणं, पुरावा तपासणं, आपलं म्हणणं चुकीचं ठरू शकेल अशी कसोटी आखणं, या गोष्टी त्यात कितपत मोजल्या जातात? चाळणीतून येतो तो चांगला परीक्षार्थी. तो चांगला संशोधक असेलही, पण चाळणीची भोकं त्या मापाची नाहीत. ७२ टक्क्यांवर थांबलेल्या एखाद्या चिकित्सक मुलीला हा तक्ता चौथ्या वर्षाच्या संशोधनाचं दार बंद करतो, आणि तिच्याकडून संशोधनाचं एक पानसुद्धा न लिहून घेता बंद करतो.

आता मुख्य प्रश्न : तार कुठे गेली?

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो तक्त्यातल्या मजकुराबद्दल आहे.

अमेरिकेत बरीच वर्षं 'टेलिकम्युनिकेशन' नावाचे विभाग पत्रकारिता आणि संज्ञापनाच्या शेजारी नांदत होते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात तर 'टेलिकम्युनिकेशन मीडिया स्टडीज' अशी पदवीच होती, बी.ए. आणि बी.एस. दोन्ही स्वरूपांत. दूरसंचार आणि माध्यम, दोन्ही शब्द एकाच पदवीच्या नावात. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला हे विचित्र वाटेल. कारण आपल्याकडे टेलिकम्युनिकेशन म्हटलं की आठवतं इंजिनिअरिंगचं ईएनटीसी, आणि मीडिया म्हटलं की आर्ट्सची इमारत. दोन इमारतींमध्ये कॅन्टीन सोडलं तर सामाईक काही नाही.

भाषेनेही आपल्याला फसवलंय. इंग्रजीत 'टेलिकम्युनिकेशन' आणि 'मास कम्युनिकेशन' या दोन्हींत एकच शब्द बसलेला दिसतो. मराठीत एक झालं 'दूरसंचार' आणि दुसरं 'जनसंज्ञापन'. दोघं एकाच घरचे आहेत हे नावावरून ओळखू येत नाही.

घर मात्र खरंच एक होतं. जुन्या काळी घरी रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन्स काढावं लागे; घरातल्या आजी-आजोबांना विचारा. रेडिओचा पोस्टाशी काय संबंध? संबंध असा, की रेडिओ हा कायद्याच्या नजरेत १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखालचा 'तार' होता. अमेरिकेने १९३४ मध्ये टेलिफोन, तार आणि रेडिओ एकाच आयोगाखाली आणले. आपल्याकडे प्रसारण माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे राहिलं आणि टेलिफोन दुसऱ्या खात्याकडे. दप्तरं वेगळी झाली, आणि आपले अभ्यासक्रमही त्याच रेषेवर फाटलेले दिसतात.

पण वास्तव फाटलं नव्हतं. १९७५-७६ चा 'साइट' प्रयोग घ्या. इस्रोने अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही कार्यक्रम पोहोचवले. यात अँटेना होती, उपग्रह होता, संच दुरुस्त ठेवायची यंत्रणा होती. आणि त्याच प्रयोगात गावकरी काय बघतात, त्यातून काय घेतात याचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञही होते. तार आणि मजकूर यांचा एकत्र अभ्यास भारतात पन्नास वर्षांपूर्वी झालेला आहे. आपल्या पदवीच्या पुस्तकात 'साइट' येतो तो विकास संज्ञापनाच्या प्रकरणात, एका परिच्छेदापुरता.

पुढे कायद्यानेच दोघांना पुन्हा एकत्र आणलं. जानेवारी २००४ मध्ये प्रसारण आणि केबल सेवांना 'दूरसंचार सेवा' म्हणून अधिसूचित केलं गेलं, आणि टीव्ही वाहिन्यांचे दर, जोडण्या हे सगळं ट्रायच्या कक्षेत आलं. २०१९ च्या सुरुवातीला तुमच्या घरी केबलवाल्याने चॅनेल निवडायचा फॉर्म आणून दिला असेल, तो ट्रायच्या आदेशामुळे. म्हणजे टीव्ही हा दूरसंचाराचा भाग झाल्याला वीस वर्षं उलटून गेली. मी पाहिलेल्या बहुतेक मीडियाच्या तक्त्यांना मात्र ही बातमी अजून पोहोचलेली नाही.

याने संशोधनात काय बिघडतं?

'पदवीत नसेल, पण नंतर वाचून घेऊ की,' असं तुम्ही म्हणाल. वाचून घेता येतं. अडचण अशी, की जे शिकवलेलंच नाही त्याची उणीव जाणवत नाही. दोन उदाहरणं देतो.

पहिलं. 'मराठी वृत्तवाहिन्यांवरील बातम्यांचं आशय विश्लेषण' हा विषय तुम्ही दहा सिनॉप्सिसमध्ये पाहिला असेल. दोन आठवड्यांची बुलेटिनं घ्यायची, गुन्हे किती, राजकारण किती, शेती किती, असे कप्पे करून मोजायचं. निष्कर्ष ठरलेला : शेतीला जागा कमी, सनसनाटी जास्त. मोजणी बरोबर असेल. पण 'असं का?' हा प्रश्न आला की विद्यार्थी संपादकांच्या मानसिकतेवर बोलायला लागतो. वाहिनी घराघरांत पोहोचते कशी, हे त्याला माहीतच नसतं. केबल आणि डीटीएचवर दिसण्यासाठी वाहिनीला कॅरेज फी मोजावी लागू शकते. डीडी फ्री डिशवरची जागा प्रसार भारती ई-लिलावाने विकते. वाहिनी मोफत ठेवायची की पैसे लावायचे, यावर प्रेक्षक कोण असणार हे ठरतं आणि त्यावर जाहिरात ठरते. बातमीच्या निवडीमागे यातलं काय आणि किती, हे तपासण्यासारखं आहे. पण तपासायला आधी सुचायला हवं, आणि सुचायला ते तक्त्यात कुठेतरी भेटलेलं असायला हवं.

दुसरं. मीडिया लॉच्या पेपरमध्ये आपण कलम १९(१)(अ) शिकतो, बदनामी शिकतो, न्यायालयाचा अवमान शिकतो. आता जानेवारी २०२० चा अनुराधा भसीन खटला बघा. याचिका एका संपादकाची, मुद्दा वृत्तपत्राच्या स्वातंत्र्याचा. पण काश्मीरमधलं इंटरनेट बंद ठेवण्यासाठी ज्या नियमांचा आधार होता ते होते दूरसंचार सेवा तात्पुरत्या थांबवण्याचे २०१७ चे नियम, आणि ते निघाले होते त्याच जुन्या टेलिग्राफ कायद्याखाली. इंटरनेटवरून व्यक्त होण्यालाही घटनेचं संरक्षण आहे आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. आज वृत्तपत्राचा गळा दाबायला छापखान्यावर धाड घालावी लागत नाही, नेटवर्क बंद केलं की पुरतं. ज्याने फक्त छापखान्याचा कायदा शिकलाय, तो या बंदीवर निबंध लिहील, पण तिची कागदपत्रं कुठल्या खात्यात मागायची हे त्याला कळणार नाही.

उलट बाजूही तितकीच रिकामी आहे. ईएनटीसीचा विद्यार्थी सिग्नल, मॉड्युलेशन, अँटेना शिकतो. टॉवर कुठे उभा राहतो आणि कुठे राहत नाही, याचे सामाजिक परिणाम त्याच्याही तक्त्यात सहसा नसतात. दोघंही अर्धे.

अमेरिकेचा तक्ता घेऊन यायचा का?

तसं मला अजिबात म्हणायचं नाही. तिथेही नावात 'टेलिकम्युनिकेशन' असलेल्या बऱ्याच विभागांचा भर रेडिओ-टीव्हीच्या निर्मितीवर आणि व्यवसायावर होता. तार तिथेही नावातच जास्त होती. आणि ते नावही आता ओसरतंय. इंडियाना विद्यापीठाने २०१४ मध्ये दूरसंचार विभाग, पत्रकारितेचं स्कूल आणि संज्ञापन-संस्कृती विभाग एकत्र करून 'मीडिया स्कूल' केलं. तिथे दूरसंचाराचा शब्द 'मीडिया'मध्ये विरघळला, इथे तो इंजिनिअरिंगमध्ये राहिला.

शिवाय तिथल्या तक्त्यावरही सरकारची बोटं आहेत. टेक्सासमध्ये सरकारी विद्यापीठाच्या पदवीत ४२ तासांचा सामाईक गाभा असतो, आणि त्यात शासनव्यवस्थेचे ६ आणि इतिहासाचे ६ क्रेडिट-तास राज्याच्या कायद्यानेच घालून दिलेले आहेत. १२० तासांच्या पदवीत दहा टक्के विधिमंडळाने भरलेले! आपल्याकडे मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानप्रणालीचे कप्पे वरून येतात, तसंच हे. प्रत्येक तक्त्यात सत्तेचा एक रकाना असतो. तो ओळखायचा आणि पुढे वाचायचं.

'सगळंच पदवीत कोंबायचं तर मुलांना नोकरी कशी लागणार?' हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. कॅमेरा, एडिटिंग, कॉपी लिहिणं यांच्या जोरावर पहिल्या पगाराची सोय होते. घरी पैसे पाठवायचे असतील तर ट्रायचे आदेश वाचून पोट भरत नाही. म्हणून माझी मागणी लहान आहे : माध्यमांची पायाभूत रचना, तिचे मालक, तिचे दर आणि तिचे कायदे यांवर चार क्रेडिटचा एक सक्तीचा पेपर. १२० पैकी ४. आणि संशोधन पद्धतीचा पेपर अशा जागी, की पुढच्या किमान दोन पेपरांत ती पद्धत वापरल्याशिवाय गुणच मिळणार नाहीत.

तोवर तुम्ही काय कराल?

अभ्यासमंडळ बदलेल तेव्हा बदलेल. तुमचं चौथं वर्ष किंवा पेट परीक्षा त्याआधी येणार आहे. म्हणून :

१. आपल्या पदवीचा तक्ता समोर घ्या आणि प्रत्येक पेपरपुढे लिहा : हा मजकुराबद्दल आहे, निर्मितीबद्दल, प्रेक्षकाबद्दल, की पोहोचवणाऱ्या यंत्रणेबद्दल? चौथा रकाना बहुधा रिकामा राहील. तो तुमच्या वाचनाचा पहिला महिना.

२. अजून पदवीत असाल तर मायनर आणि ओई जपून निवडा. मैत्रीण घेतेय म्हणून किंवा गुण बरे पडतात म्हणून निवडू नका. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कायदा किंवा कॉम्प्युटर यांतलं एक मायनर मीडियाच्या संशोधकाला आयुष्यभर पुरतं. कॉलेज तेवढे पर्याय देत नसेल, तर लेखी विचारा. तोंडी विचारलेल्याची नोंद राहत नाही.

३. ट्रायच्या संकेतस्थळावरचा एखादा सल्लामसलत-पेपर आणि त्यावर आलेल्या प्रतिक्रिया वाचा. कंपन्या, वाहिन्या, केबलचालक आणि ग्राहक संघटना एकाच प्रश्नावर काय म्हणतात ते शेजारी शेजारी मांडलेलं सापडेल. फुकट मिळणारं इतकं सुबक प्राथमिक साधन मीडियाच्या विद्यार्थ्यांनी जवळजवळ हात न लावता ठेवलंय.

४. आपल्या सिनॉप्सिसमधला 'प्रभाव' हा शब्द शोधा. 'ग्रामीण तरुणांवर समाजमाध्यमांचा प्रभाव' असं काही असेल, तर त्याआधी विचारा : त्या गावात रेंज कुठे येते? फोन कुणाच्या हातात किती वेळ असतो? रिचार्ज कोण करतं आणि महिनाअखेरीला काय होतं? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की 'प्रभाव' हा शब्द बहुधा आपोआप गळून पडेल आणि त्याच्या जागी खरा प्रश्न उभा राहील.

आरआरसीसमोर बसल्यावर 'हाच विषय का?' असं विचारतातच. तेव्हा 'या विषयावर अजून काम झालेलं नाही' हे ठरलेलं वाक्य सगळेच म्हणतात. तुम्ही सांगू शकाल, की हा प्रश्न आमच्या पदवीला दिसतच नव्हता, का दिसत नव्हता ते मला ठाऊक आहे, आणि तो दिसायला काय काय वाचावं लागलं तेही. समितीतल्या लोकांनीही बहुधा तसाच तक्ता पार केलेला असतो. ते ऐकतील.